१०० ग्रॅम मसाल्याचा छापील डबा: दहा हजार घेऊ की कमी? (नागपूर)

मानेवाडा_मसाला

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी नागपूरला मानेवाड्यात राहते. तीन वर्षं झाली, सासूबाई आणि मी घरी वऱ्हाडी काळा मसाला करून विकतो. खोबरं, तीळ, खसखस, धणे, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं आणि मग चक्कीवर न्यायचं. चक्कीवाल्याकडे आमचा वार ठरलेला आहे, मंगळवारी सकाळी, त्याचं मिरचीचं दळण सुरू व्हायच्या आधी. महिन्याला १०० ग्रॅमच्या अडीचशे-तीनशे पिशव्या जातात. पिशवी म्हणजे साधी पारदर्शक, हाताच्या मशीनने सील केलेली, आत घरच्या प्रिंटरवर काढलेली चिठ्ठी.

मागच्या महिन्यात धरमपेठेतल्या एका दुकानात नमुना दिला. दुकानदाराने मसाला हुंगला, मान डोलावली आणि म्हणाला, "ताई, माल चांगला आहे, पण हा माझ्या शेल्फवर उभाच राहत नाही." खरंच राहत नव्हता. पिशवी त्याने तीनदा उभी केली, तीनदा ती आडवी झाली. तेव्हा ठरवलं, आता छापील डबा करायचा. आत पिशवी, बाहेर पुठ्ठ्याचा डबा, मोठ्या कंपन्यांचा असतो तसा.

तीन ठिकाणी चौकशी केली. त्यातला बरा वाटलेला भाव असा: ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) बोर्ड, चार रंग, मॅट लॅमिनेशन (वर बिनचमकीची प्लास्टिक फिल्म), डाय (पुठ्ठा कापायचा साचा) आणि पेस्टिंग (डबा चिकटवणं) धरून १,००० डबे घेतले तर ११ रुपयाला एक, ५,००० घेतले तर ४.६०, आणि १०,००० घेतले तर ३.८०. आमचे हे म्हणतात, "घेऊनच टाक दहा हजार, कागद काही नासत नाही." मलाही ११ रुपये ऐकून धडकी भरली. पण दहा हजार डबे ठेवायचे कुठे? गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तीच रिकामी करावी लागेल.

डिझाइन भाचा करून देतोय, लॅपटॉपवर. काळा मसाला म्हणून पूर्ण काळा डबा आणि त्यावर सोनेरी अक्षरं. समोर "अस्सल भिवापुरी मिरचीचा" असं टाकायचं आहे, कारण मिरची खरंच तिकडचीच घेतो. माप असं घेतलं की एका नावाजलेल्या मसाल्याचा रिकामा डबा मोजला आणि उंची एक सेंटीमीटर वाढवली, म्हणजे शेजारी ठेवला तर आपला उठून दिसेल. रुंदी ७५ मिमी, जाडी ३५, उंची १३२.

महालक्ष्म्यांच्या आधी दुकानात लागायला हवेत. कुणी हे केलं असेल तर सांगा. दहा हजार घेऊ का? आणि मी काही विसरते आहे का?

बर्डीवाला

घेऊन टाका दहा हजार. भाव काय खाली येणार आहेत का कधी? मी दुकानाच्या कागदी पिशव्या एकदम घेतल्या, दोन वर्षं डोक्याला ताप नाही.

जुना_प्रेसवाला

बर्डीवाले भाऊ, पिशवीवर तुमच्या दुकानाचं नाव असते, बॅच नंबर नसते. दोन्हीत फरक आहे.

ताई, मी ३१ वर्षं महाल भागातल्या छपाईच्या प्रेसमध्ये काढली. आधी कंपोझिंग, मग ऑफसेट, शेवटची बारा वर्षं फक्त डबे अन् लेबलं. आता घरी बसून राहिलो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमच्याच आकड्यांवर पेन्सिल चालवा. दहा हजारांचे ३८,००० झाले, पाच हजारांचे २३,०००. मधल्या पाच हजार डब्यांना १५,००० लागले, म्हणजे एका डब्याचा खरा खर्च तीन रुपये. पाच हजारांच्या बिलातून तीनच्या हिशेबाने १५,००० काढा, उरले ८,०००. हे आठ हजार तुम्ही एक डबा छापा की लाख छापा, लागणारच. त्यात चार रंगांच्या छपाईच्या चार प्लेटा आल्या, डाय आली, मशीन लावताना रंग जुळेपर्यंत वाया जाणारी शीटं आली. एक हजारावर ताडून पाहा: आठ अन् तीन, अकरा. बरोबर बसते. म्हणजे भाव सांगणारा माणूस सरळ आहे, त्याला सोडू नका.

आता दोन हजारांचा हिशेब करा. आठ अधिक सहा, १४,०००. सात रुपये डबा. तो तुम्हाला सहासात महिने पुरेल. दहा हजार घेतले तर तुमच्या खपाने जवळजवळ तीन वर्षं जातील. वर्षाला तुम्ही ३,६०० वापरणार अन् पैसे देऊन बसणार ३८,०००. पहिल्या वर्षापुरता डबा साडेदहा रुपयांना पडला की नाही? अन् तीन वर्षांत फोन नंबर बदलते, पत्ता बदलते, लायसन्सचा प्रकार बदलते. आमच्या गोडाऊनमध्ये पार्ट्यांचे जुने डबे पडून असायचे, रद्दीवाला लॅमिनेशनवाला माल पाहून नाक मुरडायचा.

गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचं तर नावच काढू नका. मे महिन्यात आपल्या इकडे ४५ च्या वर पारा जाते, हवा कोरडीठाक. बोर्डातला ओलावा उडते, कागद आकसते, पण वरची प्लास्टिकची फिल्म आकसत नाही. मग डब्याच्या भिंती बाहेरच्या बाजूला पोटासारख्या फुगतात अन् झाकणाची जीभ खाचेत बसत नाही. डबे खालच्या मजल्यावर, प्लास्टिकमध्ये बांधून, जमिनीपासून उचलून ठेवायचे. पलंगाखाली ठेवले तरी चालते.

काळ्या डब्याबद्दल. मला काळा रंग आवडते, पण घडीवर तो दगा देते. पुठ्ठा जिथे वाकते तिथे शाई तडकते अन् आतला पांढरा कागद डोकावते. चारही कडांवर पांढऱ्या रेघा. लॅमिनेशन केलं तर तडकणं बरंच कमी होते, पण मॅट लॅमिनेशनवर काळ्या रंगात बोटाचा प्रत्येक ठसा दिसते, अन् तुमचे हात मसाल्याचे. शिवाय त्यावर तारीख मारायची कशी? रबरी शिक्का फिल्मवर वाळतच नाही, बोट फिरवलं की तारीख गायब. म्हणून दोन हजारांच्या कामाला मी सांगतो: लॅमिनेशन सोडा, वार्निश करा, अन् मागच्या बाजूला बॅच, तारीख, किंमत यासाठी वार्निश न लावलेली एक खिडकी सोडायला सांगा. चार बाय दोन सेंटीमीटर पुरते. तिथे शिक्का शाई पिऊन घेते. रंग कोणताही घ्या, पण घडीच्या रेघेवर गडद भरीव रंग आणू नका.

मापाची गंमत पाहा. दुसऱ्याचा डबा मोजून आपला करायचा नसते. त्याचा मसाला वेगळा, दळण वेगळं. ताजं दळलेलं फुलून असते, दोनतीन दिवसांत खाली बसते. आधी आतला पाऊच ठरवा, त्यात १०० ग्रॅम भरा, सील करा, हलक्या हाताने चारदा टेबलावर आपटा, दोन दिवस ठेवा, मग मोजा. त्यानंतर डबा. अन् छपाईच्या आधी त्याच बोर्डची कोरी डमी कापून मागा, प्रेसवाला फुकट करून देते.

तुमची उंची १३२ आहे. त्यात वरखाली झाकणं अन् जिभा धरल्या, दोन्हीकडे ३५ अधिक १५, तर उघडलेला डबा २३२ मिमी लांब झाला. रुंदीकडून दोनदा ७५ अन् ३५, वर चिकटवायची १५ मिमीची पट्टी, २३५. बोर्डची शीट २३ बाय ३६ इंच, म्हणजे ५८४ बाय ९१४ मिमी. ९१४ मध्ये २३२ चारदा बसत नाही, १४ मिमीने हुकते. तीनदाच बसते. दुसरीकडून दोन. एका शीटवर सहा डबे. आता तुम्ही हौसेने वाढवलेला तो एक सेंटीमीटर परत काढा: २२२ चोक ८८८, चार बसले, वर ग्रिपरलाही, म्हणजे शीट धरणाऱ्या मशीनच्या चिमट्यालाही, जागा राहिली. एका शीटवर आठ! दोन हजार डब्यांत ८०-८५ शीटं वाचली. ३०० जीएसएममध्ये ही शीट १६० ग्रॅमची, म्हणजे तेरा किलो बोर्ड. माझ्या नोकरीतलं निम्मं समाधान ह्या असल्या सेंटीमीटरमध्ये होतं, बाकीचं लोकांच्या शिव्या खाण्यात गेलं.

शेवटचं, अन् हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या मसाल्याचं नाव 'वऱ्हाडी'. त्यात तो पापणीसारखा वळलेला अर्धा र आहे. भाच्याच्या लॅपटॉपवर तो नीट दिसेल. फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, फॉन्ट नसला किंवा कोरल नावाच्या डिझाइनच्या जुन्या प्रोग्राममध्ये गेली, की त्याचा रफार होऊन 'वर्हाडी' होते. आमच्याकडे एका लोणच्याची तीन हजार लेबलं अशी गेली. मी स्वतः प्रूफ, म्हणजे छपाईआधी तपासायचा नमुना, पाहिलं होतं. डोळा नाव वाचतच नाही बाप्पा, ओळखते अन् पुढे जाते. पार्टीने बरण्यांवर चिकटवल्यावर तिच्या पोरीने दाखवलं. ते पैसे माझ्या पगारातून कापले गेले, म्हणून विसरलो नाही. भाच्याला सांगा, सगळी अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्ट न लागणारी नुसती आकृती करून, पीडीएफ द्यायची. अन् प्रूफ मोबाइलवर पाहायचं नाही, कागदावर काढून, अक्षरावर बोट ठेवून वाचायचं.

संत्रासाल

काकांनी एवढं लिहिल्यावर मी काय लिहू! मी संत्र्याच्या सालीचा मुरंबा करते, काटोल रोडला. रंगाबद्दल मात्र एक सांगते, कारण त्यात मी पोळले.

माझं लेबल मोबाइलवर असं झगझगीत केशरी दिसायचं की बस. छापून आलं ते विटकरी. भांडायला गेले तर प्रेसवाल्याने शांतपणे फाइल उघडून दाखवली. डिझायनरने स्क्रीनच्या रंगात केलं होतं, छपाईच्या चार रंगांत बदलताना केशरीत थोडा निळा शिरला. केशरीत निळ्याचा एक थेंब गेला तरी तो मळकट होतो, आपण रंगपेटीत करायचो तसंच. दुसऱ्या खेपेला निळा आणि काळा शून्य, पिवळा १००, किरमिजी ५५ असं सांगून घेतलं, तेव्हा संत्र्यासारखं संत्रं आलं. त्याहूनही झळाळी हवी असेल तर पाचवा स्पेशल रंग मिसळून घ्यावा लागतो, त्याची प्लेट वेगळी, पैसे वेगळे. मी नाही घेतला. आणि मॅट लॅमिनेशनने रंग आणखी एक पायरी उतरतो, हे आधी कुणी सांगत नाही.

पहिलं शीट मशीनवरून निघेल तेव्हा तिथे हजर राहा, आणि ते शीट घेऊन बाहेर उन्हात जा. ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं.

मीही सुरुवात स्टिकरनेच केली होती, कागदी. मसाल्याच्या हाताने ते पिवळे पडतात, कडा सुटतात. प्लास्टिकचं स्टिकर टिकतं. पण तुमचा दुकानदार डबाच मागतोय, तर डबाच करा.

लेबलवाचक

मी लहान खाद्य व्यवसायांचे अर्ज भरून देतो, त्यामुळे डबा हातात घेतला की आधी मागची बाजू वाचतो. तुमच्या प्रश्नात मागच्या बाजूबद्दल एकही ओळ नाही.

पहिली गोष्ट, ती चिठ्ठी आजपासून बंद. छापील कागद मसाल्याला चिकटून ठेवता येत नाही. अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत छपाईची शाई आयएस १५४९५ प्रमाणे हवी असं आहे, आणि छापील बाजू पदार्थाला लागू द्यायची नाही. म्हणून आत वेगळा पाऊच लागेलच. साधी पॉलिथिनची पिशवी घेऊ नका, तिच्यातून वास उडतो. तुमच्या मसाल्यात खोबरं आणि तीळ आहेत, तेल सुटणार, आणि हवा-उजेड लागला की ते खवट होणार. पॉलिस्टर, मेटलाइज्ड आणि पॉली असा तीन थरांचा पाऊच कोरा, छपाईविना, किलोवर मिळतो. पाऊचवरच छपाई करायच्या फंदात आत्ता पडू नका. त्यासाठीच्या ग्रॅव्ह्यूर छपाईत प्रत्येक रंगाला एक सिलिंडर कोरावा लागतो, ते तुमच्या खपाला झेपणारं नाही.

भाषा. इथे आपली मराठी माणसं हमखास चुकतात. आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असायला हवा. मराठी त्याच्या जोडीला हवी तितकी लिहा, पण फक्त मराठी चालत नाही. वाईट वाटतं, पण नियम तसा आहे.

काय काय लागेल: पदार्थाचं नाव, घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी फोन-ईमेल, अन्नसुरक्षेचं चिन्ह आणि १४ अंकी नंबर, हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. शिवाय दर ग्रॅमची किंमत. एक किलोच्या आतल्या पाकिटावर ती ग्रॅमला लिहायची. १०० ग्रॅम १२० रुपयांना देत असाल तर १.२० रुपये प्रति ग्रॅम. छापून आल्यावर यातलं काही चुकलं तर वर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवणं नियमात बसत नाही. किंमत कमी करायची असेल तर चिठ्ठी चालते, तीही छापील किंमत न झाकता.

"अस्सल भिवापुरी मिरचीचा" हे शब्द काढा. मिरची खरंच तिकडची असली तरी. भिवापुरी मिरचीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालेलं आहे, आणि ते नाव मालावर वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. ती करून घ्या, मग अभिमानाने छापा. तोवर घटकांत नुसतं "लाल मिरची".

बारकोड आत्ता नको असेल तरी जागा सोडा. पूर्ण आकार ३७.२९ बाय २५.९३ मिमी, ८० टक्क्यांपर्यंत लहान करता येतो, त्याखाली नाही. आणि भाचा कलाकार असेल तर त्याला आधीच सांगा: रेघा लाल किंवा केशरी करायच्या नाहीत. स्कॅनरचा उजेड लाल असतो, त्याला लाल रेघ पांढऱ्या कागदासारखीच दिसते. डब्यावर बारकोड दिमाखात असतो आणि दुकानदार वैतागून नंबर हाताने टाकतो.

मानेवाडा_मसाला

बापरे. मी फक्त दहा हजार की कमी एवढंच विचारलं होतं! सगळं कागदावर उतरवून घेतलंय. यांना काकांचा साडेदहा रुपयांचा हिशेब वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला, मग म्हणाले, "तुझ्या काकांना विचार, ते शेअरबाजाराचं पण सांगतात का."

घटकांच्या क्रमावरून मात्र घरात वाजलं. सासूबाई म्हणतात, "आधी धणे, मग मिरची, मग खोबरं, असं लिहिलं तर सगळी कृतीच छापली की!" त्यांना समजावते आहे की प्रमाण लिहायचं नाही, नुसता क्रम.

जुना_प्रेसवाला

आईंना सांगा, भाजणी कुठे छापता येते? अन् ताई, लवकर फाइल द्या. पोळा जवळ आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक, तेव्हा महालात गाडी काय, सायकल निघत नाही. त्यानंतर प्रेसवाले दिवाळीच्या कामात बुडतात, मग तुमच्या दोन हजारांना कोणी विचारणार नाही.

मानेवाडा_मसाला

महिन्याने परत आले. डबे आले! काय झालं ते सांगते, कारण इथल्या प्रत्येकाचं काही ना काही उपयोगी पडलं, आणि एक गोष्ट तरीही निसटणार होती.

पाऊच मस्कासाथ बाजारातून घेतला, तीन थरांचा, चंदेरी. १०० ग्रॅम भरून सील केला तेव्हा पोट ३८ मिमी. ३५ च्या डब्यात गेलाच नसता. टेबलावर आपटला, दोन दिवस ठेवला, ३२ वर आला. उंची ११५. मग डबा ७५ बाय ३५ बाय १२२ केला, काका म्हणाले तसा. प्रेसमध्ये शीटवर आठ बसवा म्हटल्यावर तिथल्या माणसाने मान वर करून विचारलं, "आधी कुठे काम करत होता?"

काळा रंग सोडला. पिवळसर, सायीच्या रंगाचा डबा आणि त्यावर गडद तपकिरी अक्षरं. घडीवर कुठेच भरीव रंग नाही. सोनेरी पण गेलं. भाचा दोन दिवस रुसला होता. पण 'वऱ्हाडी' हे नाव त्याने फॉन्टमध्ये न टाकता हाताने काढलं, बोरूने, आणि स्कॅन केलं. म्हणजे तुटायचा प्रश्नच नाही. आम्ही निर्धास्त.

प्रूफ आलं त्यात निव्वळ वजनाचा आकडा बारीक दिसत होता, तो मोठा करून मागितला. भाच्याला परीक्षा होती, म्हणून त्याने मूळ फाइलच प्रेसमध्ये पाठवली, कर्व्ह न केलेली. तिथल्या कॉम्प्युटरवर त्यांनी आकडा मोठा केला आणि दुसरं प्रूफ दिलं. मी समोरचं नाव पाहिलं, अक्षरावर बोट ठेवून, ठीक. वजन ठीक. ठिपका हिरवा, नंबर १४ अंकी, मोजला. इंग्रजी मजकूर मी वाचला, यांनीही वाचला. सही करणार होते.

सासूबाई पाटावर बसून लसूण सोलत होत्या. त्यांना म्हटलं, आई, तुमची कृती किती उघडी पडली ते तरी बघा. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, आणि फक्त मागच्या मराठी ओळी वाचल्या. इंग्रजीशी त्यांना घेणं नाही. तिसऱ्या ओळीवर बोट थांबलं. "हे काय ग? खोबर्-याचा कीस?" मी म्हटलं, खोबऱ्याचाच आहे आई. त्या म्हणाल्या, "नाही. नीट बघ." नीट पाहिलं. 'खोबर्याचा' छापलं होतं. य वर रफार. समोरच्या 'वऱ्हाडी'ला आम्ही इतके जपत होतो की मागे तसलाच एक र आहे हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं. मग पुन्हा शोधलं तर 'कोणत्याही भाजीच्या रश्शात' बरोबर, पण 'दुसऱ्या दिवशी चव आणखी मुरते' मध्ये परत 'दुसर्या'. दोन्ही दुरुस्त करून, कर्व्ह करून, तिसरं प्रूफ. ते पण आधी आईंकडे.

छपाईच्या दिवशी गेले. पहिलं शीट घेऊन रस्त्यावर उन्हात उभी राहिले, संत्रासाल ताई, तुमची आठवण काढत. तपकिरी जरा लालसर मारत होता, किरमिजी थोडा उतरवायला सांगितला. मशीनवाला आधी कुरकुरला, मग म्हणाला, "आता बरं दिसतंय." वार्निशची खिडकी सोडली आहे, शिक्का मारून लगेच अंगठा फिरवला. पुसला नाही.

सगळे मिळून १३,६०० झाले. धरमपेठेच्या दुकानदाराने डबा शेल्फवर ठेवला, हात काढला, डबा उभा. तो काही बोलला नाही, अजून चोवीस मागितले.

आता दोन शंका. मोजले तर १,९४० भरले, साठ कमी. हे फसवणं आहे की असंच असतं? आणि पाच-सहा महिन्यांनी परत छापायचे तर पुन्हा आठ हजारांपासून सुरुवात का?

जुना_प्रेसवाला

साठ कमी म्हणजे तीन टक्के. पंचिंगमध्ये, म्हणजे डायने कापताना, अन् पेस्टिंगमध्ये काही फाटतात, या धंद्यात पाच टक्के वरखाली चालते. फक्त बिल १,९४० चं आहे की २,००० चं ते पाहा. २,००० चं असेल तर जाऊन सांगा, कमी करून देतील.

पुढच्या खेपेला डायचे पैसे लागणार नाहीत, मजकूर तोच राहिला अन् त्यांनी प्लेटा जपल्या असतील तर त्याचेही वाचतील. मशीन लावायचा खर्च राहील. डाय तुमच्या पैशाने झाली आहे. चलनावर 'डाय पार्टीची' असं लिहून सही घ्या, आजच घ्या. उद्या दुसरीकडे काम न्यायचं झालं तर ती उचलून नेता आली पाहिजे.

अन् आईंना नमस्कार सांगा. प्रेसला असं कोणी असतं तर माझा पगार कापला गेला नसता.